डबीने दिलेली पोच

सावेडी, अहमदनगर
मंगळवार, २० फेब्रुवारी १९९६

प्रिय रंगनाथ,

रविवार, ११ फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटं. ही वेळ माझ्या मनची नाही, तुझ्याच वहीतली आहे. त्या वेळी तू देवळाली प्रवऱ्याहून मला आपल्या हौशी बिनतारी रेडिओवरून एक निरोप पाठवलास, तो पोचल्याचं माझ्या वतीने भलत्यानेच कळवलं, आणि तू, तारऑफिसात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, ते खरं मानून बसलास. मला याचा अतोनात राग आला आहे. तो उतरायच्या आत हे पत्र पुरं करायचं आहे, कारण कालपासून मला मधूनच हसू फुटतंय, आणि हसणाऱ्या बाईचं भांडण कुणी मनावर घेत नाही.

काल तुझी थोरली बहीण माझ्या दारात उभी राहिली. राहीबाई एकट्या एस्टीने नगरला आल्या, हातात गुळाची ढेप आणि पिशवीत तुझी रेडिओची नोंदवही. पाणी दिलं तर पेला बाजूला सरकवला. म्हणाल्या, "बाई, तुमी न्हाई म्हनला त्याचं मला काय न्हाई. पन तोंडानं म्हनायचं हुतं." मी कशाला नाही म्हटलं, असं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरची भांडी पळवली आहेत. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. तू चार दिवस रेडिओला हात लावलेला नाहीस. सगळं सामान जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकलं आहेस. आणि पंकजला नाशिकला कळवलं आहेस की एक मार्चला कायमचा येतो, एक खोली रिकामी ठेव. मुलाकडे जाण्यात वाईट काही नाही. पण तुझ्याच शब्दांत, नाशिकच्या त्या घरात तुला दोन दिवसांवर करमत नाही आणि सूनबाई चहा विचारून विचारून देते.

वही मी राहीबाईंना वाचून दाखवली. "चांगुणास निरोप. पोच मिळाली." त्याखाली तीन दिवस रोज एकच ओळ. "उत्तर नाही." चौथ्या दिवशी ती ओळही नाही.

रंगनाथ, मी तो निरोप वाचलेला नाही. एक अक्षरही नाही.

आता तुला आठवण करून देते, कारण तू विसरलास असं दिसतं. १९५८ साली मी नगरच्या तारऑफिसात लागले आणि राहुरीच्या टोकाला तू होतास. सहा महिने आपण एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण तारयंत्राच्या कळीवरचा तुझा हात मी दहा जणांत ओळखत असे. शेवटचा ठोका तू जरा लांबवायचास. तेव्हा नियम काय होता? समोरच्याची तार पूर्ण उतरवून घ्यायची, शब्द मोजायचे, जुळले की मगच पोच द्यायची. आणि एकदा पोच मिळाली की पाठवणाऱ्याने पुन्हा विचारायचं नाही. विचारणं म्हणजे घेणाऱ्याच्या कामावर संशय. तू एकदाही विचारलं नाहीस आणि मी एकदाही खोटी पोच दिली नाही. आपल्या दोघांत दुसरं काही होण्याआधी हे होतं. दुसरं जे होणार होतं ते एकसष्ट साली तुझ्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, होऊ दिलं नाही. बौद्ध दीक्षा घेतलेल्या घरातली मुलगी त्यांच्या ओट्यावर चालत नव्हती, मग ती कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली असो की विलायतेत. तू मान खाली घातलीस आणि त्यांनी ठरवलेल्या मुलीशी लग्न केलंस. रतनबाई चांगली बाई होती, मला तिच्याविषयी कधीच तक्रार नव्हती, आणि चार वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा तुझ्याइतकी नाही तरी पुष्कळ रडले. हे सगळं जुनं झालं. आज माझं भांडण फक्त पोचेबद्दल आहे.

तुझी ती डबी. डिसेंबरात तू पार्सल पाठवलंस तेव्हा मी किती खूश होते हे तुला कळवलंच नव्हतं, चढून बसशील म्हणून. साबणाच्या वडीएवढ्या पत्र्याच्या डबीत एक अख्खा छोटा संगणक, तो रेडिओला जोडायचा आणि पलीकडून माझ्या भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरला. आवाजाची अक्षरं होणार, अक्षरांचा आवाज. साठीला आलेल्या बाईला आणखी काय हवं? तू लिहिलं होतंस की डबीतली चिप काढून तू पाठवलेली नवी बसव, तिच्यात निरोप साठवायचा प्रोग्राम आहे. चिप चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेली होती. तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी आणि खिडकीवर तुझ्या अक्षरातली चिकटपट्टी, "उन्हात उघडू नये, आतलं पुसलं जाईल." मी स्वयंपाकघराचे पडदे ओढून ते काम केलं. जुनी चिप क्रोशाच्या सुईने दोन्ही बाजूंनी हलकेच उचलली, जसं कॉन्व्हेंटातल्या सिस्टर टाका उसवायला शिकवायच्या. नवी बसवताना खाच कुठल्या बाजूला हे तू सांगितलंच नव्हतंस. जुनीची खाच पाहून ठेवायची अक्कल मला होती म्हणून डबी वाचली.

मग ती फ्लॉपी. कॉम्प्युटरला डबीची ओळख करून देणारा ड्रायव्हर तिच्यात होता. तुझ्या कागदावर पाहून मी एकेक ओळ टाइप केली आणि तीन दिवस पडद्यावर दारू प्यायलेल्या कारकुनाने टाइप केल्यासारखी चिन्हं उमटत राहिली. डबी एका वेगाने बोलत होती, कॉम्प्युटर दुसऱ्या वेगाने ऐकत होता. कुणी सांगितलं नाही, माझं मलाच सुचलं, कारण नवा घाईचा ऑपरेटर समोर बसला की आपल्याही कागदावर असाच गोंधळ उतरायचा. दोघांचा वेग एक केला, आणि मकरसंक्रांतीच्या दुपारी पडद्यावर आलं, "नमस्कार चांगुणा तिळगूळ घे." मी मोठ्याने ओरडले. शेजारची वृषाली पोळपाट घेऊनच धावत आली, मला काही झालं की काय म्हणून. तिला दाखवलं तर म्हणाली, एवढ्यासाठी होय, फोनच करायचा होता ना त्यांनी. तिच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

ती दुपार मी फुकट जाऊ देणार नाही.

काल राहीबाईंना जेवू घालून गाडीत बसवलं आणि डबी उघडून बसले. डबीसोबत पाठवलेलं ते इंग्रजी माहितीपुस्तक शब्दकोश घेऊन वाचत होतास का तू? मी सरळ वाचलं. निरोप आला की डबी आपली आपणच पोच देते. माणूस घरात आहे की नाही, जिवंत आहे की नाही, तिला त्याचं काही नाही. कॉन्व्हेंटात दुसरीच्या नावाने हजेरी देणाऱ्या मुलीला सिस्टर दिवसभर व्हरांड्यात उभी करत. तू मला घरात आणून दिलीस ती नेमकी तीच मुलगी. त्या रविवारी पावणेसातला मी दुधाच्या रांगेत होते. परत आले तोवर वीज गेली. आली तेव्हा डबी कोरी करकरीत. निरोप जपायला आत एक गोल सेल लागतो आणि त्याची जागा रिकामी होती. जुना सेल पाझरला होता म्हणून तू काढलास, आणि नवा घालायला विसरलास. हे माझ्या लगेच लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही, एवढी माझी चूक लिहून घे. मला वाटलं, तू निरोप पाठवलाच नाहीस. "रविवारी सकाळी मशीन चालू ठेव" असं बजावून हा माणूस स्वतःच गप्प, म्हणून मीही आठ दिवस फुगून बसले. उघड्या हवेत पाठवलेला निरोप पुण्यापर्यंत कुणीही वाचू शकत होतं. वाचला असेल तर त्यांनी सभ्यपणे तोंड मिटून ठेवलं आहे. राहिले ती मीच.

त्यात काय होतं ते मला आता सांगू नकोस. राहीबाईंच्या चेहऱ्यावरून अर्धं कळलं, उरलेलं तुझ्याकडून पुन्हा काढून घ्यायला पस्तीस वर्षं लागायची. त्यापेक्षा मीच विचारते, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. नाशिकला जाऊ नकोस. इथे नगरला ये, रजिस्टर कचेरीत माझ्याशी लग्न कर आणि या घरात राहा. गच्चीवर तुझ्या अँटेनाला जागा आहे, चहा विचारून मिळणार नाही, समोर येईल. लोक काय म्हणतील ते आपण दोघांनी तरुणपणी ऐकून घेतलं आहे. हो किंवा नाही, ते शाईने, कागदावर, तुझ्या सहीनिशी लिही. येत्या मंगळवारी, २७ तारखेला, दुपारच्या टपालात ते पत्र मला मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर तीनच्या एस्टीने मी देवळालीला येईन आणि हेच सगळं राहीबाईंच्या ओट्यावर उभी राहून, त्यांच्या शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारीन.

तुझीच, रागावलेली,
चांगुणा