तीन पुस्तकांची सरासरी

३० मार्च २००६, गुढीपाडवा
संकल्प. आजपासून काडतुसं विकत आणायची नाहीत. घरी भरायची. ७ मेच्या नेमबाजीच्या इंटरक्लब मॅचला स्वतःच्या हातच्या काडतुसांनी उतरायचं. टीममध्ये अजून घेतलेलं नाही, पण घेतीलच.
गॅरेजमध्ये बेंच लावला. काडतुसं दाबून बसवायचा प्रेस, वजनाचा काटा, बंदुकीच्या पावडरचा डबा. काटा शून्यावर आणला, मग सगळ्याची पूजा. हळद-कुंकू, अक्षता. बायकोने, नीलांबरीने, विचारलं, काट्याला कशाला? मी म्हटलं, पुण्यात आजोबा टाइपरायटरलासुद्धा लावायचे. लेकीने, सिद्धीने, इंग्रजीत विचारलं की हे लीगल आहे का. बारा वर्षांची आहे. दुर्लक्ष केलं.

२ एप्रिल, रविवार
क्लब. तिथे नेमबाजी शिकवणाऱ्या ग्रॅहमने मार्गारेटचं रिव्हॉल्वर वापरायला दिलं. मार्गारेट त्याची बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. बावीस वर्षं याच रिव्हॉल्वरने खेळली. क्लबमध्येच, त्याच्या देखतच वापरायचं. तिच्यानंतर कुणाला दिलेलं नाही म्हणे. माणसाला टॅलेंट कळतं.
काडतुसं भरण्याबद्दल त्याचा सल्ला: एकच पुस्तक धर, त्यातला सर्वांत कमी आकडा घे, पाच भर, झाडून बघ, वहीत लिही, मग पुढे. बसायच्या आधी दर वेळी काट्याचं शून्य तपास.
ग्रॅहम रिटायर्ड प्लंबर आहे. स्वभाव चांगला.

६ एप्रिल
धक्कादायक! तीन पुस्तकं आणली. तीच पावडर, त्याच वजनाची बुलेट, आणि तीन पुस्तकांत तीन आकडे. पहिल्याचा कमाल आकडा दुसऱ्याच्या किमान आकड्याच्याही खाली. हिशेब ग्रेनमध्ये, म्हणजे गुंजेपेक्षाही हलक्या मापात, आणि फरक जवळजवळ अर्ध्या ग्रेनचा! आमच्या ऑफिसात असं स्पेसिफिकेशन कुणी दिलं असतं तर दुपारपर्यंत घरी गेला असता.
बारीक अक्षरात लिहिलंय की एकाची बुलेट शिशाची आहे, एकाची तांब्याच्या कवचाची, एकाचं बॅरल, म्हणजे नळी, लांब. ही पळवाट आहे. एकशे अठ्ठावन्न ग्रेन म्हणजे एकशे अठ्ठावन्न ग्रेन.
तिन्ही प्रकाशकांना ईमेल केली. विषय: युवर एरर.

११ एप्रिल
एक्सेल तयार. तिन्ही पुस्तकं, शिवाय एका फोरमवरचे चौदा लोक. पुस्तकाला वेटेज तीन, फोरमवाल्याला एक. उत्तर दशांशानंतर तीन आकड्यांपर्यंत. चाळीस वर्षांत या देशात हे कुणाला सुचलं नाही.
ग्रॅहमला प्रिंट दाखवली. त्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, यातलं पुस्तक कोणतं? म्हटलं, सगळी. मग घडी घालून परत दिली. त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं.

१८ एप्रिल
एका प्रकाशकाचं उत्तर आलं. कृपया एकाच स्रोताचा डेटा वापरा, वेगवेगळे डेटा एकत्र करू नका, किमान आकड्यापासून सुरुवात करा. म्हणजे चूक मान्य केली नाही. स्वतःच्या पुस्तकाची जाहिरात मात्र केली.

२३ एप्रिल, रविवार
नीलांबरी आज माझ्यापेक्षा अकरा गुणांनी पुढे. नोंद केवळ नोंद म्हणून. वारा तिच्या बाजूने होता. (मी शेजारच्याच लेनमध्ये होतो, पण वारा असा सरळ नसतो.)
तिला क्लबात मीच नेलं, रविवारची कटकट नको म्हणून. ती ग्रॅहमने भरलेली काडतुसं वापरते आणि तो सांगतो तेवढंच करते. स्वतःचा विचार शून्य.
टीममधल्या एकाचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. जागा रिकामी! कमिटीचा कल नीलांबरीकडे होता. ग्रॅहमने माझ्यासाठी शब्द टाकला. म्हणाला, हा खूप मेहनत घेतोय, एक चान्स द्या. ती राखीव. नीलांबरीला वाईट वाटलं असेल, पण चेहऱ्यावर दिसलं नाही, म्हणजे नसेलच वाटलं.

२९ एप्रिल
भरणी सुरू. पन्नास काडतुसं. सुरक्षिततेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. फोरमवर म्हणतात, सुरुवातीला दहा टक्के कमी करा. मी प्रत्येक पुस्तकाच्या आकड्यातून दहा टक्के वजा केले. मग सरासरीतून दहा. मग मॅच आहे म्हणून आणखी दहा.
काट्याचं शून्य पाडव्याला केलंय. मुहूर्तावर केलेलं पुन्हा पुन्हा उकरायचं नसतं.
नीलांबरीला म्हटलं, राखीव असलीस तरी यातली दहा घे. नको म्हणाली. विश्वास नाही. अठरा वर्षांचा संसार.

६ मे
ग्रॅहमचा फोन. काडतुसं झाडून पाहिलीस ना? हो म्हणालो. एक्सेलमध्ये तीनदा चालवली होतीच. बरं, म्हणाला, सोन्यासारखं रिव्हॉल्वर आहे, तुझ्यावर सोडतो.

७ मे, सकाळी ७
आंघोळ, देवपूजा, पोहे. मन शांत. आज आमच्या रोटोटुना क्लबचं नाव होणार.

७ मे, संध्याकाळी
तपशील नीट लिहून ठेवतो, पुढे लोक काहीही सांगतात.
पहिले तीन बार अत्यंत मऊ. धक्का जवळजवळ नाही. माझी ग्रिप सुधारल्याचं लक्षात आलं. टार्गेटवर भोकं फार खाली, पण ते नेम धरायच्या साइटचं काम. चौथ्याला बार कमी आणि फुस् जास्त. मागून ग्रॅहम ओरडला, स्टॉप! स्टॉप! मला वाटलं शेजारच्याला. वेळ मोजली जात होती. पाचवा झाडला.
चौथी गोळी बॅरलमध्येच अडकली होती असं आता सगळे म्हणतात. पाचवी तिच्यावर जाऊन आदळली. बॅरल मध्यभागी फुगलं, बेडूक गिळलेल्या सापासारखं. मला खरचटलंसुद्धा नाही. हे कुणीच बोलून दाखवलं नाही.
ग्रॅहमने रिव्हॉल्वर हातात घेतलं. फुगलेल्या जागेवर अंगठा फिरवला. मग टॉवेलमध्ये गुंडाळलं, लहान मूल गुंडाळतात तसं, आणि गाडीत जाऊन बसला. मला एक शब्द बोलला नाही. म्हणजे मनावर घेतलेलं नाही.
उरलेले राउंड नीलांबरी खेळली. क्लब दुसरा आला. माझे शून्य धरून.

९ मे
प्रकाशकांना दुसरी ईमेल. कडक. तुमच्या परस्परविरोधी आकड्यांमुळे एका विधुराचं रिव्हॉल्वर गेलं. विधुर हा शब्द मुद्दाम वापरला.

१४ मे, रविवार
ग्रॅहम क्लबात आला नाही. कमिटीने मला सहा महिने पुन्हा देखरेखीखाली ठेवलंय. तोवर फायरिंग झाल्यावर काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या. वाकायची सवय हवीच, कमरेला चांगलं.

२० मे
नीलांबरी रोज म्हणते म्हणून ग्रॅहमकडे जाऊन आलो. बर्फी नेली. त्याला पुस्तकांमधली तफावत पुन्हा समजावली. त्याने चहा केला, दोनच कप, आणि सवयीने काढलेला तिसरा कप परत ठेवला. शेवटी म्हणाला, बॅरल जुनंच होतं, मित्रा, तुझी काही चूक नसेल.
हे त्याच्या तोंडचे शब्द आहेत. तारीख टाकून ठेवतोय. विषय संपला.

२७ मे
नीलांबरीने गॅरेज आवरायला घेतलं. तिने काट्याचं पारडं उचलून पालथं केलं. खाली पाडव्याचं हळद-कुंकू वाळून घट्ट बसलेलं, आणि त्यात एक अक्षत चिकटलेली. ओल्या फडक्याने पुसून तिने पारडं परत ठेवलं. रिकामा असूनही शून्याच्या वर राहिलेला काटा आता शून्यावर आला. किती खाली आला, ते तिने मोजलं. तिन्ही पुस्तकांमधल्या फरकापेक्षा जास्त.
म्हणजे पन्नासच्या पन्नास काडतुसांत पावडर तेवढी कमी. त्यावर माझे तीनदा दहा टक्के.
सिद्धीने इंग्रजीत विचारलं, मग पुस्तकं बरोबर होती? आई म्हणाली, पुस्तकं आपापल्या जागी बरोबर होती. मग सिद्धीने विचारलं, ग्रॅहमला वाटतंय की मार्गारेटचं रिव्हॉल्वरच खराब होतं, हो ना? मी पुस्तकं रचायला लागलो.
नीलांबरी म्हणाली, उद्या जाऊन खरं सांगून ये.

२८ मे, रविवार
संकल्प: ग्रॅहमकडे जाणे. सकाळी धुकं होतं. नंतर गाडीच्या वायपरचा आवाज येत होता. दुपारी म्हातारी माणसं झोपतात.

२८ मे, ४ वाजता
नीलांबरी जाऊन आली. सिद्धीला घेऊन गेली होती, आणि ती अक्षत कागदाच्या पुडीत. ग्रॅहमने म्हणे सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला की रिव्हॉल्वरमध्ये दोष नव्हता हे कळलं, बरं झालं. येताना त्याने मार्गारेटची भरणीची वही नीलांबरीला दिली.
सिद्धीने माझ्यासमोर उभं राहून पहिल्यांदाच पूर्ण वाक्य मराठीत म्हटलं. ती म्हणाली, बाबा, त्याने तुमच्याबद्दल काहीच विचारलं नाही.