माझं फिरतं पॉवरहाऊस

२ एप्रिल, बुधवार

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून आयुष्याला वळण.

नव्या पेठेतून कार इन्व्हर्टर आणला. विटेएवढा डबा. गाडीत सिगारेट पेटवायचं जे भोक असतं, त्यात वायर खुपसायची, की डब्यातून घरच्यासारखी वीज. लॅपटॉप, मोबाईल, काय वाट्टेल ते चार्ज करा, रस्त्यात, रानात, कुठंही. मी सिगारेट ओढत नाही. बारा वर्षं ते भोक नुसतं पडून होतं, याचं आज फार वाईट वाटलं.

दुकानदार मल्लेश म्हणाला, सर, दीडशे वॉटच्या वर लोड टाकू नका, आणि इंजिन बंद ठेवून जास्त वेळ चालवू नका, बॅटरी बसंल. त्याला सांगितलं की मी बावीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे. तो म्हणाला, तरी पण. दुकानदारांना असं बोलावंच लागतं.

मॅन्युअल सोळा पानी, अक्षर बारीक. ड्रॉवरमध्ये नीट ठेवलं.

३ एप्रिल, संध्या. ६

चाचणी यशस्वी. पार्किंगमध्ये गाडीत बसून मोबाईल चाळीसवरून साठ टक्क्यांवर नेला. घामानं शर्ट भिजला, पण सायन्स म्हटलं की हे आलंच. वरच्या मजल्यावरचे ईश्वरप्पा काका काचेवर टकटक करून म्हणाले, महेश्वर, घरात लाईट गेलीय का? म्हटलं, नाही. मग ते गाडीभोवती एक फेरी मारून वर गेले.

लोकांना व्हिजन नाही.

५ एप्रिल

गाडीनं कॉलेजला गेलो. घर ते कॉलेज अंतर फार कमी, मोबाईल जेमतेम तीन टक्के चढला. म्हणून सिद्धेश्वर तलावाला दोन चकरा मारल्या. नऊ टक्के. मस्टर मात्र उचललं गेलं होतं. प्राचार्यांना कारण खरं सांगितलं. खरं सांगून चूक झाली.

९ एप्रिल, बुधवार

मोठी बातमी! पुण्यात मुलांसाठी बोलती पुस्तकं तयार करणारी एक संस्था आहे. त्यांना मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत गोष्टी वाचणारा आवाज हवाय. दोनशेतून सहा जणं निवडली, त्यात आमची सौ. शिवलीला! शेवटची परीक्षा व्हिडिओ कॉलवर, रविवारी २० तारखेला, सकाळी अकराला.

तिला खूप आनंद झालाय. दाखवत नाही, पण आज आमटीत दोनदा मीठ पडलं. एकोणीस वर्षं शाळेत पोरांना कविता म्हणून दाखवते. म्हणाली, हे एक मला स्वतःसाठी करायचंय हो.

मी म्हटलं, निश्चिंत रहा. मी आहे.

तिनं परीक्षेची वेळ पुन्हा एकदा वाचली.

११ एप्रिल

पेच. वीस तारखेलाच करकंबला माझ्या चुलतभावाची, तिप्पण्णाची वास्तुशांत. शिवलीला म्हणाली, तुम्ही जा, मी घरी थांबून परीक्षा देते, घरी वाय-फाय आहे, शांतता आहे. तिचं बरोबर होतं. पण साधं होतं. मी तिला नवा विचार दिला: गाडी म्हणजे काय? चारी बाजूंनी बंद, साउंडप्रूफ, एसी. म्हणजे स्टुडिओ! आणि वीज? ती माझ्याकडे. तिप्पण्णाच्या दारात गाडी लावायची, तू आत बसून परीक्षा द्यायची, अकरा चाळीसला बाहेर येऊन जेवायला बसायचं.

ती म्हणाली, आणि काही झालं तर? म्हटलं, होण्यासारखं त्यात काय आहे?

अर्धा तास बोललो. शेवटी म्हणाली, साकू. म्हणजे पुरे. माहेरचं कन्नड निघालं म्हणजे मराठीतलं बोलणं संपलं. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

(पाहुण्यांनाही इन्व्हर्टर बघायला मिळेल. हे कारण नाही. पण मिळेल.)

१७ एप्रिल

शिवलीला रोज मोठ्यानं वाचते. कन्नड गोष्ट वाचताना तिचा आवाज बदलतो, अक्कलकोटच्या घरातली लहान मुलगी बोलतेय असं वाटतं. मी दाराआडून ऐकतो. हे तिला माहीत नाही.

सगळे महत्त्वाचे नंबर ती एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवतेय. मी हसलो. कोणत्या काळात राहते!

१९ एप्रिल, शनिवार. करकंब

दुपारी पोचलो. सगळं माझ्या बाजूनं घडतंय. गावातला ट्रान्सफॉर्मर सकाळीच जळालाय! तिप्पण्णा डोक्याला हात लावून बसलेला, मी मनातून प्रसन्न. वाटेत इन्व्हर्टर लावायचा राहिला, डिकीत सामानाखाली होता. लॅपटॉप सरावात वापरून बत्तीस टक्क्यांवर आलाय. शिवलीलानं दोनदा आठवण करून दिली. म्हटलं, उद्या सकाळी तासाभरात शंभर.

घरामागच्या मोकळ्या रानात एक धनगर कुटुंब मेंढ्या घेऊन उतरलंय, माळशिरसकडचं. तिप्पण्णानंच खतासाठी मेंढ्या बसवायला बोलावलंय.

२० एप्रिल, रविवार

स. ७.३०. पॉवरहाऊस सुरू. दारात गाडी, किल्ली ऑनवर, इंजिन बंद (मांडवात धूर नको). इन्व्हर्टरला एक्स्टेन्शन बोर्ड, त्याला आणखी एक बोर्ड. लॅपटॉप, शिवलीलाचा मोबाईल, पाहुण्यांचे आठ मोबाईल. हिरवा दिवा. लोक बघायला जमले. तिप्पण्णाच्या सासूबाई, शिवबाई, म्हणाल्या, हे यंत्र तुम्ही बनवलं का? मी नाही म्हणालो नाही.

स. ७.५०. शिवबाईंना खोबऱ्याची चटणी वाटायची होती. मिक्सर घेऊन आल्या. म्हटलं, लावा की! मिक्सर एकदा गुर्र म्हणाला आणि थांबला. इन्व्हर्टरनं टुइंग केलं, दिवा लाल झाला. लाल म्हणजे फुल्ल पॉवर. मिक्सरच खराब असणार. चटणी पाट्यावर झाली.

स. ८.३०. मशीन तापू नये म्हणून गाडीचा ब्लोअर चारवर ठेवलाय. गाणीही लावलीत, मांडवाला शोभा येते. लाल दिवा स्थिर आहे. मशीनचा आतला पंखा मघाशी फिरत होता, आता थांबलाय. म्हणजे मशीन गार झालंय. उत्तम.

स. ९.१५. शिवलीला पूजेतून उठून आली, चार्ज होतंय ना, विचारून गेली. म्हटलं, दिवा बघ ना. तिनं दिवा बघितला, मग मला बघितलं.

स. १०.१०. गाणी हळूहळू मंद होत बंद पडली. गायकानं इतका खालचा सूर लावलेला मी कधी ऐकला नव्हता.

स. १०.४०. शिवलीला निळी इरकल नेसून गाडीत बसली. फार छान दिसत होती. लॅपटॉप उघडला. एकवीस टक्के. म्हणाली, अहो, काल बत्तीस होते. म्हटलं, सुरुवातीला कमीच दाखवतो. एसीसाठी स्टार्टर मारला. टक्. परत मारला. टक् पण नाही. काचा खाली करायला गेलो तर त्याही विजेवर. बाहेर बेचाळीस डिग्री, आत किती ते लिहीत नाही.

दु. ३. आता शांतपणे लिहितो.

अकराला कॉल लागला. नेट तिच्याच मोबाईलचं, मोबाईल बारा टक्क्यांवर. मी बाहेरून पुढच्या काचेवर पुठ्ठा धरून सावली करत होतो, ही मदत नोंदवून ठेवतो. मराठी उतारा तिनं झकास वाचला. पलीकडच्या बाई मान डोलवत होत्या, मला काचेतून दिसलं. मग कन्नड सुरू झालं. चार ओळी झाल्या आणि मोबाईल गेला. मोबाईलपाठोपाठ लॅपटॉप.

ती ओरडेल असं वाटलं. ओरडली नाही. दार उघडून उतरली, घामानं ओली, आणि म्हणाली, कुणाचा मोबाईल चालू आहे? मी ऐटीत मांडवाकडे हात केला, आठ आहेत! आठही बंद होते. सकाळी साडेसातपासून ते सगळे माझ्याकडेच होते.

शिवलीलाचे डोळे भरले. ते मी बघितलं. त्याबद्दल मला इथं एखादं कारण लिहायचं होतं, सुचलं नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. मेंढ्यांची मालकीण, केराबाई. साठीची, कपाळभर कुंकू. म्हणाली, काय झालं वो बाई? रडाया काय झालं? शिवलीलानं दोन वाक्यांत सांगितलं. केराबाई म्हणाली, मग ह्यो घ्या की माझा. फुल्ल हाय. आन् कनवटीचा मोबाईल काढून दिला. शंभर टक्के! त्यांच्या घोड्याच्या पाठीवर, बिऱ्हाडावर, पाटीएवढी सोलरची प्लेट बांधलेली. दिवसभर चालता चालता चार्ज होतो म्हणे.

शिवलीलानं पर्समधून कागद काढला, पुण्याच्या बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, पाच मिनिटांत याच नंबरवर लिंक पाठवते, घाबरू नका. मग लिंबाखाली, मेंढ्यांच्या मध्ये बसून तिनं कन्नड गोष्ट पहिल्यापासून वाचली. केराबाईचा नवरा धुळाप्पा मोबाईल हातात धरून पुतळ्यासारखा उभा. एक कोकरू मध्येच ओरडलं, तर हिनं न थांबता गोष्टीतल्या पाडसाचाच आवाज काढून त्याला उत्तर दिलं. केराबाई तोंडाला पदर लावून हसली. तिला कन्नड येत नाही. तरी ती शेवटपर्यंत तिथंच बसली होती.

मी पुठ्ठा घेऊन कुंपणाशी उभा होतो. मला कुणी बोलावलं नाही.

संध्या. ५. केराबाईचे उपकार ठेवायचे नाहीत म्हणून तिला इन्व्हर्टर भेट द्यायला गेलो. तिनं उलटसुलट करून बघितला. म्हणाली, ह्येला काय लागतंय? म्हटलं, गाडी. म्हणाली, आमच्याकडं गाडी कुटं हाय? घोड्याला जोडू व्हय? धुळाप्पा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. डबा परत आणला.

मग धुळाप्पा, तिप्पण्णा आणि सहा पाहुण्यांनी गाडी ढकलली. सुरू झाली. सर्वांचे आभार मानायला थांबलो, तेव्हा बंद पडली. पुन्हा ढकलली. दुसऱ्यांदा आभार चालत्या गाडीतूनच मानले.

२१ एप्रिल, सोमवार

शांत डोक्यानं विचार करता, कालच्या प्रकारात चूक बॅटरीची. थोडी मिक्सरची. ड्रॉवरमधलं मॅन्युअल सहज काढलं. पान तीन: लाल दिवा म्हणजे ओव्हरलोड, पुरवठा बंद. इतकी महत्त्वाची गोष्ट पहिल्या पानावर का छापत नाहीत?

शिवलीला बोलते. पण फक्त भाजी काय करू, दूध आलं का, एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

२४ एप्रिल

तिला म्हटलं, माझं चुकलं. असं पूर्ण वाक्य. पुढे 'पण' येत होता, गिळला. ती म्हणाली, काय म्हणालात? परत म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा 'पण' जास्त जोरात आला, तरी गिळला.

संध्याकाळी चहात आलं होतं.

९ मे, शुक्रवार

निवड झाली! सहातून शिवलीला एकटी! पुण्याच्या बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, मोबाईल बंद पडल्यावर तुम्ही ज्या शांतपणे परत गोष्ट उभी केलीत, ते बघून आमचं ठरलं. आणि त्या कोकराला दिलेलं उत्तर!

शिवलीलानं पहिला फोन केराबाईला लावला. दोघी पंधरा मिनिटं हसत होत्या. मेंढ्या आता श्रीपूरच्या बाजूला आहेत म्हणे.

आता जरा तटस्थपणे बघू. मोबाईल बंद पडला म्हणून शांतपणा दिसला. मेंढ्यांत बसली म्हणून कोकरू आलं. घरी वाय-फायवर परीक्षा दिली असती तर कोकरू कुठून येणार? म्हणजे मूळ कुणाकडे जातं? हे मी शिवलीलाला बोलून दाखवलेलं नाही. योग्य वेळी दाखवीन.

१० मे

वेळ योग्य नव्हती.

२८ मे

रेकॉर्डिंगसाठी शिवलीला दहा दिवस पुण्याला. सोमवारी निघायचं. नवी बॅटरी बसवून घेतली. गाडी धुतली. मॅन्युअलची सोळाच्या सोळा पानं वाचून काढली, खाली रेघा मारल्या. इंजिन चालू, लोड कमी, मिक्सर वर्ज्य. वाटेत तिचा लॅपटॉप चार्ज, मोबाईल चार्ज, तिनं मागं बसून सराव करायचा. पुण्यापर्यंत मी तिला शंभर टक्क्यांवर नेणार. हे नुसतं चार्जिंग नाही, हे माझं तिला देणं आहे. तिला सरप्राईज ठेवलंय.

२ जून, सोमवार

शिवलीलानं शनिवारीच एसटीचं रिझर्वेशन करून ठेवलं होतं. म्हणाली, अहो, तुम्हाला कशाला जाऊन येऊन त्रास. नवी इलेक्ट्रिक बस आहे, आरामात जाते.

तिला स्टँडवर सोडायला गेलो. बॅग वर ठेवायला आत चढलो. गार बस. तिची खिडकीची सीट. समोरच्या सीटच्या पाठीला एक छोटा चार्जिंग पॉइंट. तिच्याच नाही, प्रत्येक सीटला. तिनं मोबाईलची वायर त्यात लावली, स्क्रीन उजळली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, फार सांभाळून खिडकीबाहेर बघितलं.

मी वाकून त्या पॉइंटचा व्होल्टेज काय असेल ते बघत होतो. कंडक्टर म्हणाला, काका, तिकीट नसेल तर उतरा, गाडी सुटायलीय.

उतरलो. तेवढ्यात आठवलं, तिला नीट वाच म्हणायचं राहिलंच, आणि मी रोज दाराआडून ऐकायचो तेही सांगायचं राहिलं. फोन लावायला मोबाईल काढला. चार टक्के. रिंग वाजायच्या आत स्क्रीन काळी झाली.

मग नुसता हात केला.