कमरेवरचा हात

रविवार, दिवेलागणीला

वर्षभर कराटेचा काता, त्याच त्या ठरलेल्या हालचाली, करून राह्यले, पण एक हात ठोसा मारताना दुसरा मागं कमरेवर का आणायचा, हे आज कळलं. मॅडम म्हणल्या, "तो हात रिकामा नसतो. समोरच्याचा हात धरून ओढत आणायचा असतो."

घरी आले तर आप्पा शेळ्या बांधून ओट्यावर बसल्ते. म्हणलं, "आप्पा, माझं मनगट धरा. मी सोडवून दाखवते." त्यांनी धरलं, पण लहानपणी टेंभुर्णीच्या बाजारात धरायचे तसं. त्यातून काय सोडवायचं?

"जोरात धरा ना."

"लागंल तुला."

"परवा जालन्याला होस्टेलवर चालले मी. तिथं कुणी हळू धरणार न्हाई."

असं का बोलले मी? मंग त्यांनी धरलं, बोकडाला धरतात तसं. मी मनगट त्यांच्या अंगठ्याकडून फिरवून काढलं, त्यांचाच हात पकडला अन् ओढून कमरेवर आणला. बराबर जमलं.

"सुटलीस की," आप्पा म्हणले. "सोड आता माझा हात."

मनगट अजून लाल आहे. सोडवून घ्यायला शिकले खरी, पण कमरेवरचा आप्पांचा हात काही सोडवेना.