डोळ्याकडची लक्ष्मी

१६ जानेवारी

आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सुविधा लिहिणार. सुविधा माझी सून. मी अक्षरं शिकले नाही. शिकवायला कोणी आलं नाही, आणि नंतर माझं काही अडलंही नाही. करार असा की लिहून झालं की तिने विसरायचं. हो म्हणाली. बघू.

कारण निलेश. माझा मुलगा, वय चव्वेचाळीस. गेल्या महिन्यात ऑफिसात छातीत कळ आली, म्हापशाला नेला, हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. दारू नाही, विडी नाही, रोज पुलापर्यंत चालत जाऊन येतो. डॉक्टर म्हणाला, या वयात एवढं कोलेस्ट्रॉल म्हणजे घराण्यातून आलेलं. आधी याची जीनची टेस्ट करू, मग घरातल्या बाकीच्यांची.

घराण्यातून म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. हे मला टेस्ट न करता कळलं. संकल्प: हे सिद्ध करून दाखवायचं आणि लिहून ठेवायचं.

१७ जानेवारी

पुरावे.

सासरा दम्याने गेला. चुलत सासऱ्याला कावीळ. नणंद चंद्रावती, मयेला दिलेली, तिचे गुडघे दोन्ही गेलेले. आमचे हे ऐंशीच्या पुढे जगले, पण ते तब्येतीने नव्हे, हट्टाने.

माझं माहेर सर्वण. आमची माणसं काटक. शिवाय आमच्याकडे लक्ष्मीची खूण असते. डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, पिवळा ठिपका. बाबांना होता, गोपाळदादाला होता, मला तर दोन्ही डोळ्यांकडे आहे. बाबा आणि दादा लवकर गेले, पण ते अपघात. बाबा माडावरून पडले. दादा चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधताना स्टुलावरून पडला. लक्ष्मी झाली म्हणून ती काय स्टूल धरायला येणार?

सुविधा म्हणाली, आई, हेही लिहू? लिही. हाच तर पुरावा.

२० जानेवारी

हळदीकुंकू. चंद्रावती मयेहून आली. सगळ्या बायका बसलेल्या असताना मी म्हटलं, काय गो चंद्रावती, तुमच्या घराण्याने मला दिलं काय? एक स्प्रिंग. बायका खूप हसल्या. तीही हसली. म्हणाली, वैनी, एवढं वाटतं तर माझंही रक्त तपासा. मी म्हटलं, तपासणारच.

तिळगूळ दिला. गोड बोलायचं असतं म्हणून आणखी काही बोलले नाही. सहा-सात वाक्यं तयार होती.

२९ जानेवारी

हॉस्पिटलात एका मुलीने बसवून सगळं विचारलं. नाव अंकिता. तिचं काम एवढंच, लोकांची घराणी विचारायची. आमच्याकडे हे काम बायका फुकट करतात.

तिने कागदावर पुरुषांचे चौकोन काढले, बायकांचे गोल. गेलेल्यावर आडवी रेघ. सासरचं मी सढळ हाताने सांगितलं. माहेरचं विचारलं तेव्हा म्हटलं, आमच्यात आजार नाही, आमची माणसं पडून जातात.

तिचं पेन थांबलं. म्हणाली, आजी, पडले म्हणून गेले, की आधी गेले आणि मग पडले?

मी म्हटलं, बाई, त्या गडबडीत कोण विचारतो?

वयं विचारली. बाबा बेचाळीस. दादा सत्तेचाळीस. मग ती माझ्याकडे टक लावून बघायला लागली, डोळ्यांत नव्हे, डोळ्यांच्या बाजूला. मी म्हटलं, लक्ष्मी आहे ती. तिने काहीतरी लिहिलं. लक्ष्मीच लिहिलं असणार.

ही खूण आता आणखी कोणाला आहे, विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, दादाचा मुलगा कृष्णनाथ, सर्वणला असतो, टिप्पर चालवतो, अडतीस वर्षांचा आहे, बापासारखीच ठसठशीत खूण.

तिने ते नाव दोनदा गिरवलं. तेव्हा मीच तिला समजावलं, की बघ, माझं लग्न झालं तेव्हा गोत्र बदललं, कुळाचा देव बदलला, नावसुद्धा बदललं. माहेरची मी यशोदा. इथे तांदळावर अंगठीने देवकी लिहिलं. एवढं सगळं बदलल्यावर रक्त काय जुनंच राहील?

म्हणाली, आजी, जीनला मंगलाष्टकं ऐकू येत नाहीत.

शहाणी आहे. लग्न व्हायचंय.

१८ फेब्रुवारी

निलेशच्या रक्तात दोष सापडला. आईकडून किंवा बापाकडून येतो, म्हणाले. बाप आता नाही, म्हणून त्याच्या बाजूने चंद्रावतीने रक्त दिलं. माझ्या बाजूने मी दिलं. नात गौरवीनेही दिलं. माझी शीर पटकन सापडली. निरोगी माणसाचं असंच असतं.

६ मार्च

रिपोर्ट आले.

चंद्रावती: नाही.
गौरवी: आहे.
मी: आहे.

मशीन बिघडलंय.

७ मार्च

निलेश म्हणतो, मशीन बिघडलेलं नाही.

रात्रभर विचार करून कारण काढलं. निलेश नऊ महिने माझ्या पोटात होता. बापाचा दोष त्याच्यात, त्याचा दोष मला लागला. सरळ आहे. अंकिताला फोन लावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आजी, आणि तुमचे बाबा बेचाळिसाव्या वर्षी गेले, ते कोणाला पोटात घेऊन होते?

लाइन खराब होती.

मग तिने हळू आवाजात समजावलं. ते ठिपके म्हणजे कातडीखाली साठलेलं कोलेस्ट्रॉल. बायकांना त्रास उशिरा होतो, कधी होतही नाही. पुरुषांना लवकर. पण आधी कळलं तर रोजच्या गोळीवर माणूस चारचौघांसारखा म्हातारा होतो. कृष्णनाथला ताबडतोब तपासायला हवं. हॉस्पिटल परक्या माणसाला आपणहून फोन करू शकत नाही. घरच्यानेच सांगायचं.

म्हटलं, सांगते. उद्याच.

संध्याकाळी गौरवीने पहिली गोळी घेतली. वीस वर्षांची पोर. म्हणाली, आजी, वारसा दिलासच आहेस तर पाटल्यासुद्धा माझ्याच नावावर कर. मी हसले. ती हसली. सुविधा हसली नाही.

८ मार्च

सर्वणला जायचं होतं. अडचण अशी. कृष्णनाथला सांगितलं की सर्वणात कळणार. सर्वणात कळलं की डिचोलीच्या बाजारात कळणार, तिथून मये किती लांब? चंद्रावतीला तिचा रिपोर्ट माहीत आहे, माझा नाही. आजवर मारलेले सगळे टोमणे व्याजासकट परत येतील.

नवा प्लॅन: त्याला सांगायचं, पण कारण न सांगता. सहज. जसं, बाबा रे, वाटेत दवाखाना दिसला तर रक्त देऊन ये.

९ मार्च

शनिवार. शनिवारी वाईट बातमी नेऊ नये.

१० मार्च

रविवार. दवाखाना बंद. सांगून उपयोग काय?

११ मार्च

माझा गुडघा. (चंद्रावतीकडून आला असणार. सुविधा म्हणते, आई, पुरे. बरं.)

१४ मार्च

शिगमो. होळीचे ढोल वाजताहेत. नाचत्या घरात कोणी आजार घेऊन जातं का?

१८ मार्च

फोनवर सांगायचं ठरवलं. गौरवीने नंबर लावून दिला. कृष्णनाथ म्हणाला, आत्ये, आज आठवण कशी झाली? काजू कसे आहेत विचारलं. म्हणाला, चांगले आहेत, माकडं फार. माकडांवर आम्ही बरंच बोललो. मग म्हणाला, हल्ली बागेच्या चढावर दम लागतो, मध्ये बसावं लागतं.

मी म्हटलं, ऊन आहे. होतं असं.

ठेवला फोन.

सुविधाने लिहायचं थांबवलं. विचारलं, आई, तुमच्या दादांनाही चढावर दम लागायचा? मी म्हटलं, आठवत नाही. ती म्हणाली, तसंच लिहू? म्हटलं, नको. लागायचा. लिही.

मग तिने वही मिटली आणि परसात जाऊन फोनवर बराच वेळ बोलली. पाववाल्या पोदेराला उद्यापासून पोय कमी टाकायला सांगत असेल.

१९ मार्च

जेवण गेलं नाही. कारण माशाला वास होता. निलेश म्हणतो नव्हता.

२३ मार्च

परत शनिवार.

२४ मार्च

आरशासमोर भाषण तयार केलं. सुरुवात अशी: कृष्णनाथा, प्रत्येक थोर घराण्याला काहीतरी असतं. पुढचं जमलं नाही. ठिपके तेवढे दिसत राहिले. दादाचाही डावीकडचा मोठा होता.

उद्या जाणार. चंद्रावती काय म्हणायचं ते म्हणो.

२५ मार्च, रात्री

गेले. एकटी. बसची पाटी वाचता येत नाही, पण कंडक्टर ओरडतो तेवढं पुरे.

सर्वणला पोचले तर सोप्यावर चंद्रावती. पाय पसरून बसलेली, चहात उंडो पाव बुडवून खात होती. मला बघून जरा सरकली.

मी भाषणाला सुरुवात करणार, एवढ्यात कृष्णनाथ आतून आला आणि सरळ माझ्या पाया पडला. म्हणाला, आत्ये, तू चंद्रावतीबायकडे निरोप धाडलास म्हणून बरं झालं, मी तर उन्हाचं समजून बसलो होतो. या बायने हात धरून दवाखान्यात नेलं, ऐकेचना. रक्तात तेच निघालं. एक नळी अर्धी बंद आहे. पण डॉक्टर म्हणतात वेळेत आलास, गोळ्यांवर भागेल, टिप्पर तेवढा काही दिवस नको. पोराचंही रक्त दिलंय. आत्ये, तुझे उपकार आहेत.

मी चंद्रावतीकडे बघितलं. ती उंड्याकडे बघत होती.

म्हटलं, चहात साखर जास्त घालता तुम्ही.

पोर येऊन मांडीवर बसलं. त्याचा चेहरा उजेडाकडे करून बघितला. दोन्ही कोपरे स्वच्छ. लहान आहे अजून, म्हणाली चंद्रावती. रिपोर्ट शुक्रवारी.

निघताना ती मला सोडायला बस थांब्यापर्यंत आली, त्या गुडघ्यांनी. वाटेत विचारलं, कधी सांगितलंस त्याला? म्हणाली, तू काजूंची चौकशी केलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सुविधाचा फोन आला होता, तुझा रिपोर्टही तिनेच सांगितला.

(सुविधा आता मान खाली घालून लिहिते आहे. घाल.)

मी म्हटलं, मग स्वतःच्या नावाने सांगायचं. माझं नाव कशाला पुढे केलंस?

म्हणाली, वैनी, मी कोण? सर्वणात माझं कोण ऐकणार? तू सांगितलंस म्हटल्यावर तो एका शब्दाने उठला.

बस आली. तिने मला हाताला धरून वर चढवलं, कंडक्टरला सांगितलं, आमच्या वैनीला नीट उतरव हां. मी खिडकीशी बसले आणि तिला काहीतरी झोंबेल असं बोलायला तोंड उघडलं. बस सुटली.

डिचोली गेली, म्हापसा गेला, शिवोलीचा पूल गेला. घर येईपर्यंत एकही टोमणा सुचला नाही.