कापसाची लाट

मी, जास्मिन शमुवेल उजागरे, वय एकतीस, शिक्षण यंत्र अभियांत्रिकीची पदविका, नोकरी अहिल्यानगरच्या एमआयडीसीतील एका कारखान्यात तपासणी विभागात, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून ठेवत आहे. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात 'राजीखुषीने व अक्कलहुशारीने' असे शब्द होते. त्यातला पहिला मी काढला आहे. दुसरा ठेवला आहे. माझी अक्कल ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. कल्याण लवांडे यांनी आज सकाळी मला तपासून दिला असून तो सोबत जोडला आहे.

कारण असे की, येत्या सोमवारी पुण्यातील एका रुग्णालयात माझी डावी किडनी काढून माझा धाकटा भाऊ सॅम याला बसवली जाणार आहे. देणाऱ्याच्या जिवाला धोका फार कमी असतो, असे सर्जन म्हणाले. मी रोज यंत्राचे सुटे भाग मापून पास किंवा नापास करते. 'फार कमी' हे माप नाही. म्हणून हा कागद.

कलम १. किडनी या मृत्युपत्रात येत नाही. ती मी जिवंतपणी देत आहे, त्यामुळे माझ्या मागे राहणाऱ्या मालमत्तेत ती धरू नये. तरी ती कशी ठरली याची नोंद हवी. डॉक्टरांनी घरच्यांना विचारले की कोणाची जुळू शकेल. मी हेल्मेट हातात घेऊन दाराशी उभी होते. आमची मरिया आत्या म्हणाली, "हिची जुळंल की. हिचं अजून लगीनबी न्हाई, कुनाला इचारायचं कामच न्हाई." सॅम मोबाईलमध्ये पाहत होता. पुढे परवानगी देणाऱ्या समितीने मला स्वखुशीने देता का म्हणून विचारले आणि मी हो म्हणाले. ते उत्तर अचूक नव्हते, पण हो आणि नाही यांच्यामध्ये तिथे जागा नव्हती. मी पर्याय तपासले होते. आत्याला साखर आहे. पप्पा नाहीत. आई आम्ही लहान असतानाच गेली. उरले मी. सॅमने मला आजपर्यंत विचारलेले नाही. तो कधी काही मागत नाही. जे हवे ते घेतो.

कलम २. चर्चच्या मागच्या आमच्या दोन खोल्यांत माझा अर्धा हिस्सा आहे. तो मरिया आत्याला द्यावा. तिच्या जिभेने मला या घरात पुष्कळ त्रास झाला, पण आई गेल्यावर माझी वेणी तिनेच घातली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी वजा होत नाही.

कलम ३. बँकेत जे असेल तेही तिलाच. त्यातून आधी डोळ्याचे ऑपरेशन करावे. "देवानं दिलेत तसं दिसतंय" हे कारण चालणार नाही.

कलम ४. माझी सर्व हत्यारे, म्हणजे व्हर्निअर कॅलिपर, रंगाचा एअरब्रश व त्याचा कॉम्प्रेसर, भिंगाचा दिवा, कोरण्याच्या सुया आणि एक सोडून सगळे चिमटे, माझ्यासोबत काम करणाऱ्या स्नेहल भांगरे हिला द्यावेत. ती अकोले तालुक्यातली. ती घरी आली असताना तिने माझे जहाज पाहिले. इतर सगळे विचारतात की हे चालते का, बॅटरी कुठे घालायची. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "सकाळी भंडारदऱ्याचं पाणी असंच असतं बघ. कुणी हात लावला नसल्यासारखं." या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

राहिलेला एक चिमटा, सर्वांत बारीक टोकाचा, निळ्या टोपणाचा, सॅमला द्यावा. तो कशासाठी ते पुढच्या कलमात आहे.

कलम ५. जहाज.

हा १:३५० प्रमाणातला एका युद्धनौकेचा नमुना आहे. लांबी शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडी कमी. आमचे पप्पा, शमुवेल उजागरे, या जहाजावर इंजिन रूममध्ये मेकॅनिक होते. जहाजाचे नाव मी इथे लिहीत नाही. घरगुती भांडणाच्या कागदात ते येऊ नये.

पप्पा नौदलातून निवृत्त होऊन तिसगावला परत आले तेव्हा बाजारतळावर लोक त्यांना विचारत, "शमुवेलराव, समुद्र कसा असतो हो?" पप्पा म्हणत, "गरम असतो. आन आवाज लई." लोक हसत. त्यांना ती थट्टा वाटे. पप्पा समुद्राच्या पातळीखाली, लोखंडाच्या आत, इंजिनाशेजारी राहिले होते. त्यांना समुद्र दिसला तो एकदाच नीट. एका मच्छीमार बोटीवरचा आजारी माणूस उचलून घ्यायला जहाज भर समुद्रात थांबले, इंजिने बंद झाली आणि पप्पांना वर यायला सांगितले गेले. वारा नव्हता. "तव्यावर तेल पसरल्यागत पानी हुतं, जासू," ते म्हणत. "इंजान बंद झालं तवा कुठं मला समुद्र दिसला."

ते आजारी पडल्यावर मी त्यांना म्हणाले, तुमचे जहाज करते. ते म्हणाले, "पळतं नको करू. थांबल्यालं कर."

ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी लिहिते. लाटांचा समुद्र करणे सोपे असते, फेसाखाली सगळ्या चुका झाकल्या जातात. थांबलेल्या पाण्यात काही झाकता येत नाही. मी लाकडी फळीवर मऊ उंचवटे कोरले, त्यावर रंग दिला आणि वरून पारदर्शक रेझिनचे पातळ थर एकेक करून ओतले. झेंडा खाली लोंबता ठेवला, कारण वारा नव्हता. रंगाचे तुकडे आधी पप्पांना दाखवले. पहिला पाहून ते म्हणाले, "हे लई निळं झालं. हे बाटलीतलं हाय." मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. शेवटी एक तुकडा त्यांनी खिडकीशी धरला आणि उलटसुलट फिरवून पाहिला. नंतर म्हणाले, "हां. ह्येच." मग विचारले, "आन मला कुठं उभं केलंस?" मी भिंग दिले. जहाजाच्या मागच्या कठड्याशी एक माणूस आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा, निळ्या बॉयलर सूटमध्ये, दोन्ही हात कठड्यावर. पप्पांनी पाहिले. "पोट जरा कमी कर," म्हणाले. मी केले.

सप्टेंबरमध्ये पप्पा गेले. रेझिनचा शेवटचा थर मी त्या डिसेंबरात ओतला, वर खोके झाकले आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिले: हात लावू नये, रेझिन कच्चे आहे. मग मी दुसऱ्या पाळीला गेले.

सॅम वाचत नाही. त्याला वाचता येते, तो वाचत नाही. रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नये असे डॉक्टरांनी त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते, त्याने ती बरे वाटले म्हणून बंद केली आणि आपण सगळे आता कुठे आलो आहोत ते कलम १ मध्ये आहे. खोके उघडून त्याने जहाज उचलले तेव्हा त्याचा अंगठा माझ्या समुद्रात रुतला.

नाताळच्या संध्याकाळी मी चर्चच्या हॉलमध्ये गेले तर गव्हाणीशेजारच्या टेबलावर जहाज होते. गव्हाणीवर दरवर्षी बर्फ म्हणून कापूस पसरतात. तिसगावात बर्फ पडत नाही ही गोष्ट वेगळी. त्यातला उरलेला कापूस सॅमने फेविकॉलने माझ्या पाण्यावर चिकटवला होता. पुढे दोन लाटा, मागे लांब पांढरा फेस, आणि तो फेस उसळता दिसावा म्हणून मागच्या डेकवर चढवलेला. लोंबता झेंडा काढून टाचणीला कागदी झेंडा लावला होता. तो जहाज ज्या दिशेने पळत होते त्याच दिशेने फडकत होता. समोर पुठ्ठ्याची पाटी: 'देखावा. तुफान समुद्रात शत्रूवर चाल करून जाणारी युद्धनौका. मांडणी: सॅम शमुवेल उजागरे.' मंडळींनी त्याला पहिले बक्षीस दिले. ती ढाल आमच्या घरात टीव्हीवर आहे.

मी सॅमला बाजूला घेतले.

"ताई, थांबल्यालं जहाज कोन बघतंय?" तो म्हणाला. "लोकांला वाटंल इंजान फेल हाय. पप्पांचीच बदनामी की."

"पाटीवर माझं नाव का नाही?"

आत्या मध्ये पडली. "जासे, नावाचं काय घिऊन बसलीस? घरचंच हाय. आन पोरीच्या जातीला लढाईचं जहाज शोभतंय व्हय? लोक काय म्हनतील, ही काय तोफा उडवती का?"

"मी समुद्र केला होता, आत्या."

"मग समुद्र हायेच की. उलट ह्यानं वाढवून दिला."

देखावा या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक मी केला, दुसरा सॅमने.

त्यानंतर मी त्याला दोनदा कापूस काढायला सांगितले. पहिल्यांदा तो "बघू" म्हणाला. दुसऱ्यांदा त्याचे डायलिसिस सुरू झाले होते, म्हणून मी तिसऱ्यांदा सांगितले नाही. मी स्वतः काढला नाही. आमच्या कारखान्यात नापास झालेला भाग ज्याने केला त्याच्याकडेच परत जातो. तो काढायला मला जमले नसते असे नाही.

आता सॅमला ठाऊक नसलेली गोष्ट. पप्पा त्या जहाजावर आहेत हे मी कोणाला सांगितले नव्हते. बघणाऱ्याला दिसले तर दिसावे. मागच्या डेकवरच्या कापसाखाली, कठड्याशी, ते गेल्या नाताळच्याही आधीच्या नाताळपासून उभे आहेत. आयुष्यात एकदा त्यांना वर येऊन समुद्र बघायला मिळाला. सॅमने त्यांना पुन्हा आत कोंडले.

माझ्या मृत्यूनंतर हे जहाज सॅमला द्यावे. कापूस त्याने काढावा. कोमट पाण्यात बुडवलेल्या रंगाच्या कुंचल्याने तो ओला करावा आणि थांबावे. फेविकॉल पाण्याने सुटतो, रेझिन सुटत नाही. मग निळ्या टोपणाच्या चिमट्याने तंतू तंतू उचलावा. ओढू नये. ओढले तर पप्पांचे हात कठड्यासकट येतील. कागदी झेंडा फेकून द्यावा. मूळचा माझ्या टेबलाच्या वरच्या खणात, काडेपेटीत आहे. पाण्यातला अंगठ्याचा ठसा मात्र बुजवू नये. या जहाजावर सॅमची खरी सही तेवढीच आहे.

काही कारणाने जहाज सॅमला मिळू शकले नाही, तर ते स्नेहल भांगरे हिला द्यावे.

कलम ६. मला तिसगावच्या कब्रस्तानात पप्पांच्या शेजारी ठेवावे. भाषणे नकोत. पेटीवर माझे नाव पूर्ण लिहावे. मांडणी कोणाची ते लिहू नये.

कलम ७. साक्षीदार. या मृत्युपत्रावर डॉ. लवांडे आणि सॅम यांनी साक्षीदार म्हणून सही करावी, असे मी दोघांना सांगितले आहे. सॅम फोनवर म्हणाला, "करतो की. कुठं करायची तेवढं दाव." त्याने विचारले नाही म्हणून इथे लिहिते. जो माणूस मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्राने दिलेली कोणतीही वस्तू मिळत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, कलम ६७. आम्हा ख्रिस्ती लोकांना ते लागू आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे, असे मात्र कायदा म्हणत नाही.

सॅमने हे तिसरे पान वाचले, तर तो पेन खाली ठेवील. डॉक्टरांचे कंपाउंडर बाहेर बसले आहेत, त्यांची सही घेऊ आणि जहाज सॅमचे होईल. न वाचता सही केली, तर ते स्नेहलचे होईल. आयुष्यभर त्याने जे केले तेच त्याला इथे करायचे आहे, किंवा करायचे नाही. मी तिसरी शक्यता शोधली. आढळली नाही.

या आधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि तो बरोबर आहे म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण: तिसगाव, डॉ. लवांडे यांचा दवाखाना
दिनांक: १९ फेब्रुवारी २०२६

(सही) जास्मिन शमुवेल उजागरे

साक्षीदार १: (सही) डॉ. कल्याण लवांडे, तिसगाव

साक्षीदार २: (सही) सॅम शमुवेल उजागरे, तिसगाव

(दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीखाली, पेनाने:)

सगळं वाचून सही केली. पान तीन दोनदा वाचलं. जहाज स्नेहलताईकडंच जाऊंदे, तिला पानी कळतंय. पप्पांना मी बाहेर काढतो. तेवढा चिमटा आत्ताच दे ताई, मागनं कायद्यानं मिळायचा न्हाई.