दोनशे जोडांत एक चामड्याची चप्पल

तीर्थरूप आबासाहेब मामांना भाचा बिभीषण याचा वाकून नमस्कार (डॉक्टरांनी वाकायला बंदी केलेली नाही, गाडीला केली आहे). मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत, मी सोडून. आणि मीही मजेत आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही.

सुनीलच्या साखरपुड्यात मी मांडवात आडवा झालो ते तुम्हाला माहीतच आहे. शुद्ध आली तेव्हा नाकाशी चप्पल, तोंडाशी फोडलेला कांदा आणि कानाशी भांडण. फिट आलेल्याला म्हणे चामड्याचीच चप्पल हुंगवायची असते, आणि हल्ली मांडवाबाहेर दोनशे जोड पडले असले तरी सगळं रबर आणि प्लास्टिक. (त्यातही जो तो आधी आपलाच जोड शोधत होता, भीती चप्पल जायची, बिभीषण जायची नाही.) शेवटी नवरीच्या चुलत्याच्या पायातली ओढून काढली. ते अजून रुसलेत. नवी होती म्हणतात, पण वासावरून तसं वाटलं नाही.

मग नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, बरोबर बायको रोहिणी आणि धाकटा भाऊ काकासाहेब. डॉक्टरांनी डोक्याला वायरी चिकटवून आलेख काढला, तो स्वच्छ निघाला. मी पेढे आणायला उठलो, तर म्हणतात, आलेख चांगला म्हणजे फिट नव्हती असं नाही. मग होती का? तसंही नाही. उपाशीपोटी उन्हात राबून नुसती चक्करही आली असेल. खरं काय ते बघणाराच सांगेल: अंग ताठलं का, झटके आले का, किती मिनिटं? रोहिणी म्हणाली, मी चामडं शोधत होते. काकासाहेब म्हणाला, मी कांदा फोडत होतो. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि विचारलं, एवढ्या माणसांत पेशंटकडे कोण बघत होतं? शेवटी त्यांनी कागदावर फिट लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि नक्की कळेपर्यंत माझा दुधाचा टेम्पो बंद.

पुन्हा झालं तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, व्हिडिओ काढा आणि चपला पायातच ठेवा, असंही बजावलं. तेव्हापासून रोहिणीने सगळी वस्ती कामाला लावलीय. मी जांभई दिली की पाच मोबाईल पुढे येतात. परवा गोठ्यात शिंकलो, त्याचे तीन व्हिडिओ निघाले; एकात म्हैस फार छान आलीय. टेम्पो काकासाहेब चालवतो, तोही इतका जपून की संगमनेरला पोचेपर्यंत दुधाचं दही व्हायची वेळ येते.

थोरामोठ्यांना नमस्कार, पोरांना पापा.

आपला (निम्मा पेशंट) बिभीषण

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. खुर्चीवरून कोण उठलं नव्हतं याचा मी तपास केला. गुडघ्याला पट्टा होता म्हणून तुम्ही एकटेच बसून होतात, अगदी माझ्यासमोर. फोनवर विचारलं की "काय झालं न्हाई रे तुला, पित्त हुतं" म्हणता आणि ठेवून देता. मंगळवारी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला.

आणखी एक. फोन ठेवताना तुमचा आवाज फुटतो, तो मला ऐकू येतो. पित्तासाठी कोणी रडत नाही. मला भीती वाटते, मामा. दूध घालायला जाताना शाळेची सहा पोरं माझ्या टेम्पोत बसतात. तेव्हा जे दिसलं ते डॉक्टरांना सांगा, माझ्या तोंडाकडे न बघता.