गाईच्या तोंडातलं पोस्टर

बाबा,

काल गाय भिंतीवरचं माझं पोस्टर खात होती, तेव्हा सगळ्यांसमोर ओरडून ‘घरात छपाई बंद’ म्हणायची गरज नव्हती. पण म्हणणं तुमचं बरोबर होतं. मैद्याची खळ चाटायला ती येणारच, आणि वर माझा थिनरवाला विषारी रंग.

बाकीची पोस्टरं खरवडायला बालाजी घाटावर जातेय. थिनर बंद. आता गेरू आणि डिंकाच्या पाण्याची शाई केलीय, छपाईच्या जाळीतून कागदावर मस्त उतरते. मी स्वतः चाटून बघितली. जीभ लाल झाली, बस.

नवे छापे वरच्या खोलीत वाळतायत. आधी जाऊन वास घ्या, मग ठरवा घरात छापू द्यायचं की नाही. शाळा सोडली, हे नाही सोडणार.

ऋता